शक्तीची पाळी

बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये विमानाची घरघर सुरू झाली की खेळणाऱ्यांचे आवाज चढतात. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी, अंबड, परतूरकडच्या कुठल्याही गावात संध्याकाळी पारावर चार पोरं मोबाइल आडवे धरून बसलेली दिसतील. एक ओरडतो, ‘ड्रॉप पडला रे!’ दुसरा नकाशावर खूण टाकतो. तिसरा सांगतो, जाऊ नका, तिथं आधीच एक स्क्वाड दबा धरून बसलाय. पॅराशूटला लटकलेली पेटी हळूहळू खाली येते, जमिनीला टेकते, तिच्यातून धूर निघतो आणि तो धूर मैदानातल्या सगळ्यांनाच दिसतो. आत एडब्ल्यूएम बंदूक असेल तर काम फत्ते, कारण तिसऱ्या लेव्हलचं हेल्मेटही ती एका गोळीत फोडते. एरवी घराघरांतून जी हत्यारं सापडतात त्यांत ही बंदूक सहसा नसते. ती आकाशातून यायची, थोड्या वेळासाठी कुणाची तरी व्हायची. तो मेला की ती पुन्हा जमिनीवर, दुसऱ्या कुणासाठी.

चाललेल्या खेळात कुणाच्याही मालकीची नसलेली शक्ती मधोमध टाकायची, ठरावीक वेळाने पुन्हा टाकायची, तिचं रूप बदलत ठेवायचं. गेम बनवणारे या वस्तूंना पॉवर-अप म्हणतात आणि त्यांचा इतिहास सांगताना थेट जपानला जातात. तो इतिहास खरा आहे, पण अर्धा. फिरत्या शक्तीची कल्पना आपल्या पत्त्यांत, हुतुतूत, पोरासोरांच्या पळापळीत इतकी जुनी मुरलेली आहे की मोबाइलवरच्या पोराला ती कुणी शिकवावी लागली नाही.

सुरुवात गंजिफापासून करू. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगल गंजिफात आठ रंगांची ९६ पानं. पुढे आपल्याकडे त्याचं दशावतारी रूप झालं, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. कोकणात सावंतवाडीने ही गोल, लाखेने रंगवलेली पानं जपली. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती कला पुन्हा उभी केली. इकडे निजामाच्या मुलखात निर्मळलाही गंजिफा रंगवले जात, आणि निर्मळ नांदेडच्या पलीकडे, म्हणजे मराठवाड्याला लागूनच.

या खेळातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. दशावतारी गंजिफा दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्या हाती रामाचा राजा तो पहिली उतारी करतो. दिवे लागल्यावर बसलात तर तो मान कृष्णाच्या राजाकडे जातो. मोगल गंजिफातही तसंच, दिवसा सोन्याच्या नाण्याचा रंग, रात्री चांदीच्या नाण्याचा. पानं तीच, माणसंही तीच, पण कोणतं पान वजनदार ते सूर्य ठरवतो. शिवाय निम्म्या रंगांत दहाचं पान राजा-प्रधानानंतर सर्वांत मोठं, तर उरलेल्या निम्म्यांत तो मान एक्क्याचा आणि दहा सर्वांत खाली. म्हणजे पानाची ताकद पानावर कायमची कोरलेली नाही, ती वेळेवर आणि रंगावर फिरते. उतारीचा मान म्हणजे हुकूम नव्हे, तेवढा फरक आहे. पण शक्ती वेळेला बांधून फिरती ठेवण्याचा विचार इथे पूर्ण झालेला दिसतो, तोही विजेवर चालणारा एकही खेळ जन्माला येण्याच्या कितीतरी आधी.

हुकूम युरोपातून आला. पंधराव्या शतकात इटलीत नेहमीच्या रंगांवर मात करणारी वेगळी पानं खेळात आली. पुढे इंग्रजांच्या व्हिस्टमध्ये वाटताना शेवटचं पान उघडं करायचं आणि त्या डावापुरता तोच रंग हुकूम मानायचा, असं ठरलं. डाव बदलला की हुकूम बदलला. हा धागा धरून आपण सरळ मेंढीकोटापाशी येतो.

मराठवाड्यातल्या कुठल्याही लग्नघरी आदल्या रात्री, पोळ्याच्या दुपारी, यात्रेत, एसटी स्टँडवर मेंढीकोट चाललेला असतो. चौघं, दोन-दोनच्या जोड्या, तेरा-तेरा पानं, आणि जीव अडकलेला चार दश्श्यांत. त्यातला कटहुकूम नीट पाहण्यासारखा आहे. डाव सुरू होतो तेव्हा हुकूमच नसतो. इस्पिकची उतारी झाली, सगळे इस्पिक टाकतात, मोठं पान हात घेऊन जातं. मग कधीतरी एकाकडे उतारीच्या रंगाचं पानच उरत नाही. तो दुसऱ्या कुठल्यातरी रंगाचं पान टाकतो आणि त्या क्षणापासून तो रंग हुकूम होतो. समजा त्याने किलवरची सत्ती टाकली. मघापर्यंत ती सत्ती हातातलं ओझं होती. आता तिने इस्पिकचा एक्का कापला, खाली पडलेली दश्शी ओढली, आणि समोरच्याच्या हातातल्या चार किलवरांनाही अचानक भाव आला. तोपर्यंत बदामाचा राजा-राणी घेऊन निवांत बसलेल्या माणसाचा चेहरा पाहावा.

या नियमात एक शहाणपण आहे. ज्याच्याकडे रंग नाही त्याच्या हाती हुकूम ठरवण्याचा अधिकार येतो. उणीव असलेला माणूस खेळाची दिशा बदलतो, आणि पुढच्या डावात पत्ते पिसून झाले की तोही अधिकार संपतो. बंद हुकमात थोडं वेगळं. एकाने पान पालथं घालून मांडीखाली दाबलेलं असतं, अडलेला माणूस ‘उघडा’ म्हणतो आणि मग कळतं शक्ती कुठल्या रंगात दडलेली होती ते. न उघडलेल्या पेटीभोवती जी उत्सुकता असते ती इथे पूर्वीपासून आहे.

अंगमेहनतीच्या खेळांत हाच विचार दुसऱ्या रूपाने आला. हुतुतूचे नियम बांधले गेले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत, सातारा, पुणे, बडोदा इथल्या मंडळींच्या खटपटीतून. त्या काळात खेळाचे वेगवेगळे प्रकार चालत. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदानातच राहायचा, समोरच्यांना फक्त गुण मिळायचा. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला एक बाद गडी उठायचा. आज जगभर खेळली जाणारी कबड्डी ही संजीवनीचीच लेक. आणि गडी उठतो तोही रांगेने, जो आधी बाद झाला तो आधी परत येतो. कितीही मोठा चढाईपटू असला तरी त्याला रांग मोडता येत नाही. बीजीएमआयमध्ये गुडघ्यावर आलेल्या साथीदाराला उठवायला पोरं जिवावर उदार होऊन धावतात तेव्हा मला ही संजीवनी आठवते. विषामृतात हात लावून अमृत देणारा गडी तोच, पळापळीत वय लहान म्हणून कधीच बाद न होणारा लिंबूटिंबूही त्याच घराण्यातला.

कबड्डीत पुढे आणखी एक भर पडली. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना त्यांनी चढाईपटूला धरलं तर एकाऐवजी दोन गुण. कमी उरलेल्या बाजूच्या हातात जास्त वजन. खो-खोनेही अलीकडे असा बदल केला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली आणि तिच्यात ‘वझीर’ आला. एरवी पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की वळता येत नाही. वझिराला कुठल्याही दिशेने पळता येतं, आणि पॉवरप्लेमध्ये दोन वझीर घेता येतात. जुन्या खो-खोवर जीव असणाऱ्यांना तो उपरा वाटला. मला तो पटला, कारण ही मोकळीक कुणा एका खेळाडूला कायमची दिलेली नाही, ती डावाच्या एका तुकड्यापुरती आहे.

आता पडद्यावर येऊ. २२ मे १९८० रोजी जपानमध्ये नामको कंपनीचा पॅक-मॅन आला. बनवणारा तोरू इवातानी. चार कोपऱ्यांत चार मोठ्या गोळ्या. एक खाल्ली की पाठलाग करणारी भुतं निळी होऊन पळत सुटतात आणि पळणारा पाठलाग करू लागतो. पालक खाऊन बळ येणाऱ्या पॉपायवरून ही कल्पना सुचल्याचं इवातानींनी सांगितलं आहे. पण खेळ पुढे सरकतो तसा त्या गोळीचा असर घटत जातो, आणि एकोणिसाव्या लेव्हलपासून भुतं निळी होतच नाहीत. मधे दिसणारं फळही बदलत राहतं, आधी चेरी, मग स्ट्रॉबेरी, संत्रं, सफरचंद आणि पुढे बरंच काही. पाळीपाळीने येणारं बक्षीस म्हणून पडद्यावर गाजलेलं हे पहिलं मोठं उदाहरण. १९८५ साली कोनामीच्या ट्विनबीमध्ये तर घंटेवर गोळ्या मारत राहिलं की तिचा रंग बदलायचा आणि प्रत्येक रंगाची शक्ती वेगळी. दोघं खेळत असले तर कुठल्या रंगावर थांबायचं यावरून दोघांत वाद.

असा वाद आमच्या पिढीने कॉन्ट्रावर घातला. १९८७ च्या या खेळाची कॅसेट ‘९९९९ इन १’ असं लिहिलेल्या पिवळ्या डब्यांतून गावोगावी पोचली. जालन्यात भाड्याने टीव्ही गेम मिळायचे, रविवारी तासावर पैसे. उडत्या डबीला गोळी लागली की एक अक्षर खाली पडायचं. एल म्हणजे लेझर, एम म्हणजे मशीनगन, आणि एस. एस मिळाला की एका दाबात गोळ्यांचा पंखा उघडायचा. दोघं खेळत असताना एस एकालाच मिळणार. मग ज्याच्याकडे एस आहे त्याने पुढे राहायचं, मेला तर पुढची डबी दुसऱ्याची, असे करार जमिनीवर बसून व्हायचे. खेळ बनवणाऱ्यांनी हा नियम घातलेला नव्हता. पोरांनी आपसात घातला, कारण त्याशिवाय दुसरा दिवसभर नुसता मागून धावत राहिला असता.

घड्याळाचा शास्त्रशुद्ध खेळ सुरू झाला तो १९९६ साली, आयडी सॉफ्टवेअरच्या क्वेकपासून. अनेक जण एकाच वेळी, आधी एका खोलीतल्या जोडलेल्या कॉम्प्युटरवर आणि मग इंटरनेटवर. त्यांच्याच आधीच्या डूममध्ये वस्तू म्हणजे सपाट चित्रं होती. क्वेकमध्ये सगळंच त्रिमिती झालं, तेव्हा अंधाऱ्या बोळात पडलेलं हत्यार कुठल्याही बाजूने नजरेत भरावं म्हणून ते हवेत स्वतःभोवती फिरत ठेवलं. आजही कित्येक गेममध्ये उचलायची वस्तू अशीच गोल फिरत असते. सर्वांत जोरकस वस्तू होती क्वाड डॅमेज, मारा चौपट, तीस सेकंद. एकाने उचलली की साठ सेकंदांनी त्याच जागी पुन्हा हजर; १९९९ च्या तिसऱ्या क्वेकमध्ये १२० सेकंदांनी. निष्णात खेळाडू मारामारी चालू असतानाच मनात सेकंद मोजत राहायचे आणि दोन सेकंद आधी त्या जागी येऊन उभे राहायचे. नेम चांगला असण्याइतकंच वेळ धरणं महत्त्वाचं ठरलं. पुढे डोटात नदीपात्रात दर दोन मिनिटांनी रुन येऊ लागले, कधी वेगाचे, कधी अदृश्य करणारे, आणि कोणता येणार ते आधी कळायचं नाही. फोर्टनाइटने हत्यारंच आळीपाळीने कपाटात ठेवायची आणि काढायची पद्धत रूढ केली.

निंटेंडोच्या मारिओ कार्टने मात्र याला वेगळं वळण दिलं. १९९२ पासूनच्या या शर्यतीच्या मालिकेत पेटीतून काय निघणार हे आपला नंबर कितवा त्यावर अवलंबून असतं. पुढे असलेल्याला केळ्याचं साल, मागे पडलेल्याला तारा किंवा वीज. १९९६ च्या आवृत्तीत एक निळं कवच आलं, ते थेट पहिल्या नंबरच्या गाडीवरच जाऊन आदळतं. पट्टीचे खेळाडू याला अन्याय म्हणतात. जालन्याच्या दक्षिणेकडच्या शेतकऱ्याला मात्र यात नवल वाटणार नाही. जायकवाडीचा डावा कालवा, २०८ किलोमीटर लांब, अंबड, घनसावंगी, परतूर करत परभणीकडे जातो. आवर्तन सुटलं की वरच्या अंगाचे शेतकरी आधी पाणी घेऊ पाहतात आणि टेलच्या शेतापर्यंत पोचेतो पाट कोरडा पडतो. म्हणून आपल्या पाटबंधाऱ्यांच्या शेजपाळीत पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरलेल्यांना पाळीने पाणी द्यायचं आणि सुरुवात टेलपासून करायची, असा नियम आहे. तो पाळला जातो का, यावर दर रब्बीत भांडणं होतात, पाटकऱ्याला मधे घेऊन मिटतात किंवा मिटत नाहीत. पण नियमामागचा विचार मारिओ कार्टच्या पेटीत जसाच्या तसा आहे. पाळी लावायची तर शेवटच्या माणसाकडे आधी पाहायचं.

इथपर्यंत फिरती शक्ती मैदानात होती. ती उचलायला धावावं लागे, पण दार सगळ्यांना सारखंच उघडं. मग खेळ फुकट झाले आणि गाडी दुसऱ्या रुळावर गेली.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. स्वस्त डेटा आणि सहा-सात हजारांचे फोन एकदमच गावात शिरले. २०१८ साली पबजी मोबाइल आला. त्याच्यासाठी बऱ्यापैकी फोन लागायचा, म्हणून कमी रॅमच्या फोनवर चालणारा फ्री फायर खेड्यांत जास्त पसरला. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी गेला. २ जुलै २०२१ ला तो बीजीएमआय या नावाने परतला, २०२२ च्या जुलैअखेर पुन्हा गायब झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पण फ्री फायर मॅक्स चालू राहिला. ही ये-जा पोरांनी पाऊसपाण्यासारखी सोसली.

या खेळांत पाळी दुकानात गेली. आज ही पेटी, उद्या ती. हा पोशाख रविवारपर्यंतच. हा स्पिन उतरत्या घड्याळासोबत. फोर्टनाइटचं दुकान जागतिक वेळेनुसार मध्यरात्री बदलतं, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला, गावात दूध घालायची वेळ होते तेव्हा. नुसते कपडे आणि रंग विकले तर माझी फारशी तक्रार नाही. बीजीएमआयमध्ये यूसी, म्हणजे तिथलं विकतचं चलन, घालून घेतलेली रंगीत बंदूक साध्या बंदुकीइतकाच मारा करते. पण फ्री फायरमध्ये शक्तीच विकायला ठेवली गेली. २०१९ च्या अखेरीस आलेला डीजे आलोक हे पात्र ५९९ डायमंडला होतं, आणि त्याच्याभोवती उभे राहणाऱ्या साथीदारांचं रक्त भरून यायचं, पावलंही जलद पडायची. बंदुकींच्या स्किनलाही गुण जोडलेले, कुणाचा मारा जास्त, कुणाचा वेग जास्त. ज्याच्या घरी मोसंबीला भाव मिळाला त्याच्याकडे आलोक, आणि ज्याचा बाप स्टीलच्या कारखान्यात पाळीवर जातो तो डिफॉल्ट पात्र घेऊन उतरणार. हे मला सहन होत नाही. मेंढीकोटात कुणी घरून हुकमाची पानं विकत आणून बसला असता तर त्याला पारावरून उठवून लावला असता.

नशिबाच्या पेट्यांबद्दल बेल्जियमने २०१८ सालीच भूमिका घेतली, तिथल्या गेमिंग आयोगाने पैसे देऊन उघडायच्या पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले, ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. रमीची ॲप मिटली. पण खेळाच्या आत विकली जाणारी शक्ती, संपत आलेल्या घड्याळाचा धाक दाखवून बारा वर्षांच्या पोराकडून खर्च करून घेणारी पाळी, हा प्रश्न पैजेच्या प्रश्नाहून निराळा आहे, आणि त्याच्याकडे पालकांचंही लक्ष नाही. त्यांना दिसतं ते एवढंच, की पोरगं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलंय.

पोरांचं मात्र लक्ष आहे. फ्री फायर मॅक्समध्ये कस्टम रूम करता येते, तिथे नियम आपण लावायचे. गावातल्या, कॉलेजातल्या मॅचचा आयडी-पासवर्ड ग्रुपवर पडतो तेव्हा सोबत बहुतेकदा एक ओळ असते, ‘गन ॲट्रिब्यूट ऑफ’. म्हणजे स्किनमधून विकत घेतलेला जादा मारा या मॅचमध्ये चालणार नाही, बंदूक सगळ्यांची सारखी. कॅरेक्टर स्किल चालू ठेवायचं की बंद, यावर अजून खडाजंगी होते. ज्यांच्याकडे आलोक आहे ते म्हणतात चालू, बाकीचे म्हणतात बंद, आणि मॅच सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं व्हॉइस नोटांचा पाऊस पडतो. बहुतेक वेळा बंदच ठरतं, कारण रूम भरायला माणसं लागतात, आणि आलोक नसलेलीच जास्त असतात.